“डॉक्टर, हाय पॉवरची गोळी द्या की!” : अँटिबायोटिकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात पेठेत दवाखाना चालवतोय त्याला आता वीस वर्षं होत आली. सकाळच्या ओपीडीत तेच आठ-दहा प्रश्न फिरून फिरून येतात. बाहेर बाकावर पंधरा माणसं खोकत बसलेली असली की माझी उत्तरं तुटक होतात, कधी जरा चिडकीही. म्हणून सवडीने इथे लिहून ठेवतोय. प्रश्न पेशंटांच्याच तोंडचे आहेत, शक्यतो जसेच्या तसे.

अँटिबायोटिक म्हणजे तापाचीच गोळी ना?

नाही. तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. ती ताप उतरवते, अंगदुखी कमी करते आणि जंतूंच्या वाटेला जात नाही. अँटिबायोटिकचं उलटं आहे. ते ताप उतरवत नाही, वेदना थांबवत नाही. जिवाणूंना मारतं किंवा त्यांची वाढ रोखतं. ताप जिवाणूमुळे असेल तर जिवाणू मेल्यावर तो आपोआप उतरतो, आणि त्यालाही दोन-तीन दिवस लागतात.

घोटाळा होतो तो ‘जंतू’ या शब्दामुळे. मराठीत आपण सगळ्यांनाच जंतू म्हणतो, पण जिवाणू वेगळे आणि विषाणू वेगळे. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते, बहुतेकांना स्वतःची भिंत असते. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं ती भिंत बांधू देत नाहीत, मग जिवाणू फुटतो. विषाणूला अशी भिंतच नसते. तो आपल्या पेशीत शिरून तिचंच सामान वापरतो. सर्दी, फ्लू, डेंगी, चिकुनगुनिया, कांजिण्या हे सगळं विषाणूंचं काम. तिथे अँटिबायोटिकला धरायला काही नसतं.

व्हायरल म्हणताय, पण दिली एखादी स्ट्राँग गोळी तर बिघडलं कुठं?

गोळी पोटात गेली की फक्त घशात जात नाही, सगळ्या अंगभर फिरते. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदत असतात. बरेचसे आपल्या उपयोगाचे, काही नुसते बसलेले, आणि थोडे असे की संधी मिळाली तर त्रास देतील. गोळीने त्यातले साधेसुधे मरतात. उरतात ते त्या औषधाला दाद न देणारे. त्यांचा तुम्हाला आज काही त्रास नसतो. पण सहा महिन्यांनी लघवीला जळजळ झाली आणि तो जिवाणू त्याच टोळीतला निघाला, तर तुमच्यासाठी ते औषध संपलेलं असतं.

शिवाय जुलाब, तोंड येणं, बायकांना अंगावर पांढरं जाणं हे वेगळंच. “गोळी उष्ण पडली” असं जे लोक म्हणतात ना, ते बऱ्याचदा हेच असतं.

आणखी एक. शेंबूड किंवा बेडका हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, साध्या सर्दीतही येतो. आणि सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पाचव्या दिवशी गोळी सुरू केली आणि दहाव्या दिवशी बरं वाटलं, तर श्रेय गोळीला मिळतं. न घेता वीस दिवसांत बरा झालेला माणूस मात्र सांगायला परत येत नाही.

रेझिस्टन्स म्हणजे अंगाला गोळीची सवय होते, असंच की नाही?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. सवय अंगाला होत नाही. बदलतात ते जिवाणू, तेच औषधाला दाद देईनासे होतात.

उसाच्या रानात तणनाशक मारलेल्यांना हे मी पटकन समजावू शकतो. औषध मारलं की बारकं तण करपून जातं, लव्हाळा मात्र बरेचदा उभाच राहतो. पुढच्या हंगामात पुन्हा तेच औषध, तिसऱ्यांदाही तेच. मग एक दिवस बघावं तर सगळ्या सरीत लव्हाळाच. लव्हाळा काही शिकला नाही. त्याच्या शेजारचे मेले, पाणी-खत एकट्याला मिळालं, रान मोकळं झालं. अँटिबायोटिकचं असंच होतं. लाखो जिवाणूंत दोन-चार असे असतात की ज्यांच्यावर ते औषध चालत नाही. बाकीच्यांना आपण मारतो आणि या दोन-चारांना रान मोकळं करून देतो. ई. कोलाय नावाचा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे रात्री जेवून झोपलात तर सकाळपर्यंत किती, हिशेब करा.

तालमीतल्या पोरांना मी दुसरं उदाहरण देतो: एकच डाव रोज टाकलास तर समोरच्याला त्याची तोड सापडतेच. हे उदाहरण त्यांना लगेच पटतं, पण खरं सांगायचं तर ते थोडं लंगडं आहे, कारण जिवाणू विचार करून तोड काढत नाही. फक्त एका बाबतीत ते अचूक लागू पडतं. जिवाणू आपली तोड दुसऱ्याला देऊ शकतो. जनुकांचं एक छोटंसं कडं असतं, त्याला प्लास्मिड म्हणतात. ते एका जिवाणूकडून शेजारच्याकडे जातं, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. कधी कधी एकाच कड्यावर चार-पाच औषधांची तोड एकदम असते. म्हणून तुम्ही एक औषध जास्त वापरता आणि दुसरंच निकामी होतं.

मी आयुष्यात कधी अँटिबायोटिक घेतलेलं नाही. मग माझ्या रिपोर्टात रेझिस्टन्स कसा आला?

कारण जिवाणू घर बघून राहत नाहीत. सासूबाई दवाखान्यात आठ दिवस ॲडमिट होत्या, घरी आल्या, स्वयंपाकघर एक, संडास एक. किंवा पाणी, किंवा बाजारातला न धुतलेला पाला. ज्याने गोळ्या खाल्ल्या तोच भोगतो असं इथे होत नाही, हीच यातली खरी अन्यायाची गोष्ट आहे.

पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात, दोन दिवसांत बरं वाटाय लागलं. सोडू का?

याचं सोपं उत्तर आम्ही वर्षानुवर्षं देत आलो: “कोर्स पूर्ण करा.” आता ते जरा सांभाळून द्यावं लागतं. बऱ्याच आजारांत पूर्वी दहा-पंधरा दिवस गोळ्या द्यायचो, अभ्यासाअंती कळलं की कमी दिवस पुरतात. साधा न्यूमोनिया असेल आणि पेशंट सुधारत असेल तर बहुधा पाच दिवस बास होतात. विनाकारण लांबवलेला कोर्स हाही पोटातल्या जिवाणूंवर मारच असतो.

पण याचा अर्थ आपल्या मनाने थांबवायचं असा नाही. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूने घसा सुजून दुखत असेल तर दोन दिवसांत आराम पडतो, तरी पेनिसिलिन दहा दिवस देतात, कारण पुढे हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप टाळायचा असतो. हाडातला पू असेल तर कित्येक आठवडे. तुम्हाला किती दिवस आणि का, हे चिठ्ठी घेतानाच विचारा. मी चिडणार नाही. आणि मधे थांबवावंसं वाटलं तर फोन करा, मी हो किंवा नको सांगेन.

टीबीला मात्र हे सगळं लागू नाही. तिथे साधा कोर्सही सहा महिन्यांचा. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस कामावर जातो आणि गोळ्या कपाटात जातात. फुफ्फुसात दबून बसलेले टीबीचे जंतू मग जे उठतात ते रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारे असू शकतात. त्याला एमडीआर टीबी म्हणतात. औषधं वेगळी, जास्त त्रासाची, आणि खोकल्यातून घरच्यांना तोच टीबी लागतो. रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही हे बेडक्याच्या तपासणीत आता काही तासांत कळतं. सरकारी केंद्रात तपासणीही फुकट, औषधंही फुकट. लाज वाटते म्हणून खासगीत लपूनछपून जाण्याचं काही कारण नाही.

मेडिकलमध्ये मागितली की मिळते. मग तुमच्याकडं कशाला यायचं?

मिळते हे खरं आहे, मिळायला नको हेही खरं आहे. पाकिटावर एक उभी लाल रेघ असते, बघितली आहे का? ती रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम आहे. त्यातल्या जरा वरच्या फळीच्या अँटिबायोटिकांसाठी १ मार्च २०१४ पासून एच-वन नावाची यादी लागू आहे. ती विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहून ठेवायचं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. आमच्या पेठेत दोन मेडिकलवाले आहेत जे खरोखर लिहितात आणि त्यापायी शिव्या खातात. “पलीकडचा देतोय की, तुलाच लई कायदा!”

अलीकडे नवीन पद्धत निघाली आहे. मागच्या वर्षीच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा आणि दुकानात दाखवायचा. कधी स्वतःच्या पाकिटाचा, कधी मेव्हण्याच्या. मेव्हण्याला दाताचं दुखणं होतं, याला जुलाब आहेत.

ज्याने १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं त्या अलेक्झांडर फ्लेमिंगनेच हे सांगून ठेवलं होतं. १९४५ साली नोबेल घेताना केलेल्या भाषणात तो म्हणाला, की उद्या हे औषध दुकानात कुणालाही विकत मिळेल, अजाण माणूस अपुरा डोस घेईल आणि जंतूंना औषधाला दाद न देण्याचं वळण लावेल. वर्णन आपलंच आहे.

लघवीचं कल्चर कशाला? उगं पैसे काढायचं काम.

कल्चर म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचे आणि त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायचं. इथे जरा वेळ द्या, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची चावी त्या रिपोर्टच्या एका कागदात आहे.

करवीर तालुक्यातल्या एका गावच्या मावशी, वय पंचावन्नच्या आसपास, साखरेचा त्रास. वर्षभरात तीनदा उन्हाळी लागली. तिन्ही वेळा गावातल्या दुकानातून “जळजळीची गोळी” आणली, तीन-चार दिवस घेतली, बरं वाटलं, सोडली. चौथ्यांदा आल्या तेव्हा अंगात थंडी वाजून ताप होता आणि उजव्या कुशीत मागे हात लावू देत नव्हत्या. म्हणजे दुखणं लघवीच्या पिशवीतून मूत्रपिंडापर्यंत चढलेलं. मी कल्चरला पाठवलं. मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, तो कुरकुरला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला.

असा रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो. वर जिवाणूचं नाव असतं, इथे ई. कोलाय. शेजारी किती वाढले तो आकडा, एक लाखाच्या वर. खाली औषधांची उतरंड, आणि प्रत्येकासमोर एक इंग्रजी अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध चालेल. ‘आर’ म्हणजे चालणार नाही. ‘आय’ म्हणजे अधलंमधलं, जास्त डोस दिला तर कदाचित. मावशींच्या कागदावर ॲमॉक्सिसिलिन आर, सेफिक्सिम आर, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आर, ऑफ्लॉक्सॅसिन आर, को-ट्रायमॉक्सॅझोल आर. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांत नायट्रोफ्युरँटॉइन एवढं एक ‘एस’ होतं. मुलगा म्हणाला, “मग ती द्या की.” पण ती गोळी लघवीच्या पिशवीपुरती चांगली, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात ती पुरेशी पोचतच नाही. मूत्रपिंडाच्या दुखण्याला उपयोग शून्य. म्हणजे उरली फक्त इंजेक्शनं.

दहा दिवस रोज एक. मावशी रोज वडापने यायच्या, शेजारी पदराला डोळे पुसत बसलेली सून, मुलाची अर्धी हजेरी रोज बुडालेली. बऱ्या झाल्या. त्या दहा दिवसांचा एकूण खर्च आणि पहिल्याच वेळी केलेल्या कल्चरचा खर्च, यांची तुलना मुलानेच मला बोटांवर करून दाखवली.

तेव्हा कल्चर सांगितलं तर दोन गोष्टी पाळा. पहिली गोळी घ्यायच्या आधी नमुना द्या. गोळी पोटात गेल्यावर प्रयोगशाळेत बरेचदा काही वाढत नाही आणि ‘नो ग्रोथ’ असा निरुपयोगी कागद हातात येतो. आणि लघवी मधल्या धारेची, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत. धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. कितीही घासली असली तरी.

प्रत्येक वेळी प्रत्येकाला कल्चर लागतं असंही नाही. तरुण मुलीला पहिल्यांदाच साधी जळजळ असेल तर मी थेट गोळी देतो. पुन्हा पुन्हा होत असेल, साखर असेल, गरोदरपण असेल, ताप असेल किंवा पेशंट पुरुष असेल, तर नाही.

रक्तात टायफॉइड निघालाय, विडाल पॉझिटिव्ह. सलाईन लावून टाका.

विडाल या रक्ताच्या तपासणीवर माझा फार विश्वास नाही. पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल, लस घेतली असेल, किंवा दुसराच ताप असेल तरी ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर, तेही औषध सुरू व्हायच्या आधी.

टायफॉइडचा इतिहास म्हणजे रेझिस्टन्सचीच गोष्ट. पूर्वी क्लोरॅम्फेनिकॉलने तो हटायचा. ते निकामी होऊ लागलं तेव्हा सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं, आणि सुरुवातीला जादूसारखं चाललं. आज आपल्याकडे टायफॉइडला सिप्रो देऊन उपयोग होत नाही. आता बहुतेक सेफ्ट्रिॲक्सोन किंवा अझिथ्रोमायसिन वापरतात. शेजारी पाकिस्तानात, सिंधमध्ये, २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की त्यावर सेफ्ट्रिॲक्सोनही चालत नाही. मजेची गोष्ट अशी की ज्या जुन्या औषधांना आपण विसरून गेलो, त्यांना आपल्याकडचे टायफॉइडचे जंतू पुन्हा बऱ्यापैकी दाद देताना दिसतात. वापर थांबला तर काही वेळा जमीन परत कसदार होते. पण त्यावर विसंबून राहू नका.

आणि योग्य औषध सुरू केल्यावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलू नका, कारण नवा डॉक्टर बहुधा औषधही बदलतो.

तालमीतल्या पोरांचा नायटा क्रीम लावूनबी जाईना.

नायटा, गजकर्ण हा जिवाणूंचा आजार नाही, बुरशीचा आहे. त्यामुळे हा प्रश्न इथे खरं तर घुसखोर आहे, पण कोल्हापुरात तो टाळून चालणार नाही. लाल माती, घाम, एकमेकांचे पंचे, न वाळलेला लंगोट. बुरशीला आणखी काय पाहिजे?

गेल्या काही वर्षांत नायटा चिवट झाला आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव असलेली एक जात भारतातून जगभर गेली, आणि टर्बिनाफिन हे पूर्वीचं भरवशाचं औषध तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. याला हातभार लावला तो दुकानात मिळणाऱ्या तीन-इन-वन क्रीमांनी. त्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि वर जबरदस्त स्टिरॉइड. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लोक खूश. पण कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि खाली बुरशी आरामात पसरते. मांडीतला रुपयाएवढा डाग महिन्याभरात पोटावर चढलेला मी कितीदा पाहिला आहे. कातडीवर भेगांसारखे पांढरे पट्टे पडतात ते वेगळे, आणि ते जात नाहीत.

त्वचेच्या डॉक्टरकडे जा, सांगतील तितके आठवडे औषध घ्या, पंचा आपापला ठेवा, लंगोट कडक उन्हात वाळवा. वस्तादांनी एकदा दरडावून सांगितलं तर पोरं ऐकतात, माझं ऐकत नाहीत.

महापुरात तर आरोग्य खात्याची माणसंच गोळ्या देत होती. ते कसं चालतं?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न मला फार जणांनी विचारला, आणि प्रश्न बरोबर आहे. पुराच्या पाण्यात उंदरांचं, जनावरांचं मूत मिसळतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होतो. पायाला जखम असेल आणि तासन्‌तास पाण्यात उभं राहावं लागलं असेल तर धोका मोठा. अशा वेळी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आधीच देतात. औषध ठरलेलं, माणसं ठरलेली, काळ थोडा. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ते देत नाहीत. पूर ओसरल्यावर उरलेलं पाकीट पुढच्या सर्दीला वापरायचं नसतं, एवढंच ध्यानात ठेवा.

गोळी दुधाबरोबर घेतली तर चालते का? आणि जनावराला इंजेक्शन दिल्यावर त्याच्या दुधाचं काय?

सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका. दुधातला कॅल्शियम औषधाला धरून बसतो आणि औषध रक्तात कमी जातं. गोळीच्या आधी-नंतर दोन-दोन तास दूध, दही, ताक नको. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय असेल तर तेवढे दिवस वेळ सांभाळा. ॲमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही. तरी मी साधा नियम सांगतो: कुठलीही गोळी पाण्याबरोबर.

जनावरांचं थोडं जास्त. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की सडात ट्यूब सोडतात, इंजेक्शनं देतात. ते औषध काही दिवस दुधातून बाहेर पडत राहतं. किती दिवस दूध वापरायचं नाही ते औषधाच्या पाकिटावर छापलेलं असतं, पशुवैद्यही सांगतो. ते दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही नाही, वासरालाही नाही. अंगावर पैसे जातात हे मला कळतं. माझ्याच आत्याकडे दोन म्हशी होत्या. म्हैस आजारी असली की तीन दिवसांचं दूध ओतून देताना तिचं तोंड बघवत नसे.

कोंबड्यांबद्दलही विचारतात. कॉलिस्टिन नावाचं औषध आयसीयूत दुसरं काहीच चालेना तेव्हा वापरतात, मूत्रपिंडाला जपून. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यातून वजन वाढवायला दिलं जायचं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाद्य-जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तांबडा-पांढरा खा, बिनधास्त खा, नीट शिजवलेल्या मांसात जिवाणू मरतात. कच्चं चिकन कापलेल्या पाटावर मात्र त्याच सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरू नका.

पोरगं चार दिवस खोकतंय. अँटिबायोटिक कधी लागतं?

मूल शांत असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त आले, तर लगेच दवाखाना. दोन महिन्यांच्या आतलं तान्हं असेल तर साठ. श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल अंगावर प्यायचं सोडत असेल, सुस्त पडत असेल, तर मोजत बसू नका, निघा. यातलं काही नसेल, मूल मधे मधे खेळत असेल, तर बहुतेक वेळा थांबता येतं.

जुलाबाचंही तसंच. ओआरएस आणि चौदा दिवस झिंक हे मुख्य औषध. शौचात रक्त असेल तर दाखवा.

अँटिबायोटिकचं पावडरवालं औषध दिलं असेल तर उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत, नुसतं अंदाजाने नाही. सोबतच्या टोपणाने मोजा. पोह्याच्या चमच्याचे घराघरात वेगळे माप. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं असेल तर फ्रिजमध्ये, आणि सात दिवसांनंतर उरलेलं फेकून द्यायचं.

इतकं सगळं आहे तर नवी औषधं का काढत नाहीत?

काढतात, पण हळू. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक पाच दिवस. आणि नवं निघालं की आम्हीच म्हणतो, जपून ठेवा, वापरू नका. कंपनीने पैसे घालायचे कशाला? तरी अधूनमधून बातमी येते. नाफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं औषध आपल्याच देशात तयार झालं आणि २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं. पण अशी औषधं येईपर्यंत जिवाणू वाट बघत बसलेले नसतात. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे गेली असा अंदाज आहे.

खरं सांगा डॉक्टर, तुम्ही स्वतः कधी उगीच दिलीय का?

दिली आहे. सुरुवातीच्या वर्षांत तर भरपूर. शनिवारची संध्याकाळ, तापाची साथ, आणि समोरचा म्हणतोय, “साहेब, उद्या कामावर गेलो नाही तर खाडा पडतोय, काहीतरी जोरदार मारा.” तो व्हायरल आहे हे मला दिसत होतं. समजवायला पाच मिनिटं लागली असती, चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट. मी चिठ्ठी लिहिली. आणि गोळी दिली नाही की पेशंट पलीकडच्या दवाखान्यात जातो, ही भीतीही होती. अजूनही आहे.

आता मी वेगळं करतो. शंका असेल तर “दोन दिवस पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती, उतरला नाही तर परवा या, पुन्हा बघायचे पैसे घेणार नाही” असं सांगतो. निम्म्याहून जास्त लोक परत येत नाहीत. आधी मला वाटायचं रागावले. मग महाद्वार रोडला भेटतात, हसतात. बरे झालेले असतात.

घरात उरलेल्या गोळ्यांचं काय करू?

कुणाला देऊ नका, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, आणि मोरीत किंवा संडासात टाकू नका. आपलं सांडपाणी शेवटी पंचगंगेलाच मिळतं. मेडिकलवाला परत घेत असेल तर त्याला द्या. नाहीतर पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीची गाठ मारा आणि घंटागाडीत टाका.

मागच्या दिवाळीत एक आजी साफसफाईत सापडलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊनच आल्या. टेबलावर पालथा केला. सतरा प्रकारच्या गोळ्या. कुठे दोन उरलेल्या, कुठे तीन, अझिथ्रोमायसिनची एकटीच, २०१६ साली मुदत संपलेली सेफिक्सिमची अर्धी पट्टी, आणि आजोबांच्या टीबीच्या गोळ्या. आजोबांना जाऊन सात वर्षं झाली होती. आम्ही दोघांनी मिळून एकेक गोळी पाकिटातून सोडवली, माझी कंपाउंडर चोथा घेऊन आली. आजी डबा मात्र परत घेऊन गेल्या. शेंगदाण्याच्या चटणीला बरा आहे म्हणाल्या. मी घासून, उन्हात तापवून मग वापरा म्हटलं.